‘अितिहास’: वर्ध्याची बाराखडी आणि थीमची एक फाइल

मागच्या उन्हाळ्यात आर्वीच्या एका मुलाचा मेसेज आला. सोबत एक स्क्रीनशॉट आणि खाली एकच ओळ: ‘सर, तुमच्या साइटवर इतिहास चुकीचा लिहून आहे.’

साइट तशी माझी नाही, मी ती फक्त बनवली. वर्धा जिल्ह्यातल्या एका छोट्या वाचनालयाला आपली जुनी, कडा झिजलेली पुस्तकं आणि मासिकं इंटरनेटवर टाकायची होती. पानं स्कॅन करायची, त्यातून मजकूर काढायचा, तो तपासायचा आणि वर्डप्रेसवर चढवायचा, असं ते काम. स्क्रीनशॉटमध्ये एका पुस्तकाच्या शीर्षकाभोवती लाल गोल काढला होता. तिथे ‘अितिहास’ असं लिहिलं होतं. अ, आणि त्याला पहिली वेलांटी.

मी उत्तर दिलं, ‘चूक नाही रे, पुस्तकात तसंच छापलंय.’ त्यावर हसणारा इमोजी आला. पटलेलं नव्हतं हे उघड होतं. मग मी तो स्क्रीनशॉट मोठा करून बघितला आणि त्यात एक खरीखुरी चूक सापडली, जी त्याच्या नजरेतून सुटली होती. पानावरचा प्रत्येक ल हिंदी वळणाचा होता आणि प्रत्येक श सुद्धा. ‘लेखक’, ‘प्रकाशन’, ‘शोधा’, सगळीकडे. मराठी साइट, मराठी वाचनालय, मराठी पुस्तकं, आणि अक्षरं मात्र आपली नव्हेत. ही चूक पुस्तकाची नव्हती, माझ्या थीमची होती.

पुस्तकातलं ते ‘अि’ आणि माझ्या थीममधला तो ल, दोन्ही एकाच प्रश्नातून आलेले आहेत. एखादी गोष्ट शेकडो ठिकाणी वापरायची असेल, तर ती एकदाच, एका जागी ठरवावी, हे कोणालाही पटतं. पण ती जागा कोणती आणि ठरवणारा कोण? वेबसाइटच्या थीम लिहिणाऱ्यांना हा प्रश्न रोज पडतो. वर्ध्यात तो सुमारे नव्वद वर्षांपूर्वी पडला होता, शिशाच्या खिळ्यांसमोर.

*

पहिलीच्या पुस्तकातले स्वर आठवा. अ, आ, इ, ई, उ, ऊ, ए, ऐ, ओ, औ, अं, अः. आता क ची बाराखडी म्हणून बघा. का, कि, की, कु, कू. क जिथल्या तिथे राहतो आणि त्याला काना, वेलांटी, उकार लागत जातात. ख चंही तेच, ग चंही तेच. एक नियम, सगळ्या व्यंजनांना लागू.

स्वरांकडे आलं की मात्र हा नियम अर्ध्यात सुटतो. आ, ओ, औ, अं, अः ही अक्षरं अ ला चिन्हं लावूनच झालेली आहेत. पण इ, ई, उ, ऊ, ए, ऐ यांचे आकार स्वतंत्र. थीमच्या भाषेत बोलायचं तर निम्म्या पानांनी सामायिक सेटिंग वापरलंय आणि उरलेल्या निम्म्यांवर कोणीतरी हाताने वेगळं लिहून ठेवलंय.

लिपीसुधारकांनी म्हटलं, नियम पूर्णच करून टाकू. अि, अी, अु, अू, अे, अै. यात नवं चिन्ह एकही नाही. अ आधीपासून आहे, वेलांट्या आणि मात्राही आहेत. फक्त त्यांचं लग्न लावायचं. क ची बाराखडी ज्याला आली त्याला अ ची बाराखडी फुकट आली.

मोबाइलवर वाचणाऱ्याला सहा अक्षरं वाचवण्यात एवढं काय, असं वाटेल. त्यासाठी जुन्या छापखान्यात डोकवावं लागतं. तिथे प्रत्येक अक्षर म्हणजे शिशाचा एक खिळा, आणि प्रत्येक खिळ्याला लाकडी पेटीत एक खण. इंग्रजीला लहान-मोठी मिळून बावन्न अक्षरं, वर अंक आणि विरामचिन्हं. नागरीला मूळ अक्षरं, अर्धी अक्षरं, जोडाक्षरं, वरच्या मात्रा, खालचे उकार, असं करत संख्या काही शेकड्यांत जायची. खिळे जुळवणारा माणूस दिवसभर त्या खणांवरून हात फिरवत उभा. लोकमान्य टिळकांनीही ‘केसरी’साठी खिळ्यांची संख्या कमी करण्याचा बराच खटाटोप केला होता. त्यात टाइपरायटर आला. यंत्र रोमन लिपीच्या मापाने बनलेलं, कळा मोजक्या. तिथे सहा आकार कमी होणं ही चैन नव्हती. ‘द्य’ ठेवायचा की ‘इ’, अशी ती मारामारी होती.

*

या सगळ्याचा वर्ध्याशी संबंध आला तो काका कालेलकरांमुळे. दत्तात्रेय बाळकृष्ण कालेलकर, जन्म १८८५ चा, साताऱ्याचा. घरची भाषा मराठी, लौकिक मिळवला गुजराती लेखक म्हणून आणि आयुष्याचा मोठा भाग घातला हिंदीच्या प्रचारात. १९३५ साली इंदूरला हिंदी साहित्य संमेलन भरलं, अध्यक्ष गांधीजी. तिथे लिपीसुधारणेसाठी जी समिती नेमली गेली तिचं काम कालेलकरांकडे आलं. तिच्या शिफारशींमध्ये अ ची बाराखडी होती. पुढच्याच वर्षी नागपूरला राजेंद्रप्रसादांच्या अध्यक्षतेखाली संमेलन झालं आणि त्यातून राष्ट्रभाषा प्रचार समिती उभी राहिली. तिचं मुख्यालय वर्ध्याला. गांधीजीही तोवर वर्ध्याला येऊन शेगावात, म्हणजे पुढच्या सेवाग्रामात, राहायला गेले होते.

समितीचं काम होतं हिंदी न येणाऱ्या प्रांतांना हिंदी शिकवण्याचं. म्हणजे तिचे वाचक बहुतेक नवशिके. त्यांच्यासाठी जितके नियम कमी तितकं बरं. समितीने आपल्या पुस्तकांत अ ची बाराखडी वापरली. अहमदाबादच्या नवजीवन प्रकाशनाच्या हिंदी पुस्तकांतही ‘अिस’, ‘अुस’ असे शब्द छापले गेले. पवनारच्या विनोबांनी याच धर्तीवर सुधारलेल्या लिपीला ‘लोकनागरी’ म्हटलं.

आणि गंमत बघा. त्याच काळात रत्नागिरीत स्थानबद्ध असलेले सावरकर नागरी लिपीशुद्धीची चळवळ चालवत होते आणि त्यांचाही आग्रह अ च्या बाराखडीचाच होता. राजकारणात सेवाग्राम आणि रत्नागिरी यांच्यात किती अंतर होतं हे सांगायला नको. पण इ कसा लिहावा यावर दोघांचं एकमत. ‘किर्लोस्कर’ मासिकाचे जुने अंक कोणाच्या घरी असतील तर उघडून बघा, ‘अि’ आणि ‘अु’ तिथे सहज भेटतील. म्हणजे हा काही चार विक्षिप्तांचा प्रयोग नव्हता. एका पिढीने अशी छापलेली मराठी आणि हिंदी वाचली. आर्वीच्या मुलाने ज्याभोवती लाल गोल काढला ते त्या पिढीचं रोजचं अक्षर होतं.

*

आता जरा उडी मारून वेबवर येऊ, कारण तिथेही आधी तसाच पसारा होता.

सुरुवातीच्या वेबपानांवर शीर्षक लाल हवं असेल तर त्या शीर्षकाजवळच तसं लिहावं लागे. पुढचं शीर्षक लाल हवं, तिथे पुन्हा लिहा. शंभर पानांची साइट असेल आणि मालकाला लाल नको, निळा हवा असेल, तर शंभर पानं उघडून बदला. हॉकॉन विउम ली या नॉर्वेच्या माणसाने १० ऑक्टोबर १९९४ ला एक प्रस्ताव मांडला: मजकूर एकीकडे ठेवू, तो कसा दिसावा याचे नियम दुसरीकडे. तेच पुढे सीएसएस झालं. डिसेंबर १९९६ मध्ये त्याची पहिली अधिकृत आवृत्ती निघाली. ‘सगळी शीर्षकं लाल’ हे आता एकदाच लिहायचं.

पण पसारा संपला नाही, फक्त एक जिना वर सरकला. शीर्षक लाल, बटण लाल, लिंकखालची रेघ लाल, तळपट्टीही लाल. नियम एकाच फाइलमध्ये, पण लाल चाळीस वेळा लिहिलेला. ‘आमचा लाल म्हणजे हा’ असं एकदा सांगून ठेवायची सोय सीएसएसमध्ये नव्हती. लोक मागत होते, पण ती मिळायला वीस वर्षं लागली. सीएसएसच्या दोन जनकांपैकी दुसरे, बर्ट बॉस, यांनी २००८ मध्ये एक लेखच लिहिला की अशी व्हेरिएबल्स सीएसएसला अपायकारक ठरतील. त्यांचा एक मुद्दा आजही विचार करण्यासारखा आहे: ज्याला प्रोग्रामिंग येत नाही असा माणूस दुसऱ्याची फाइल उघडून शिकतो, त्याला जर लालच्या जागी लाल दिसलाच नाही, नुसतं एक नाव दिसलं, आणि त्या नावाचा अर्थ भलत्याच कोपऱ्यात ठेवलेला असेल, तर तो शिकणार कसा?

लोक थांबले नाहीत. २००६ मध्ये सास नावाचं साधन आलं, त्यात व्हेरिएबल लिहायचं आणि शेवटी त्यातून साधं सीएसएस काढायचं. खुद्द सीएसएसमधली सोय ब्राउझरांमध्ये २०१४ ते २०१६ च्या सुमाराला पोचली.

वर्डप्रेसची गोष्ट याला समांतर चालते. २७ मे २००३ ला पहिली आवृत्ती. फेब्रुवारी २००५ च्या १.५ या आवृत्तीत ‘थीम’ आली, म्हणजे साइटचं रूप एका फोल्डरमध्ये बांधून बदलता येऊ लागलं. त्या फोल्डरमधली फंक्शन्स डॉट पीएचपी ही फाइल म्हणजे प्रत्येक थीमचा माळा. जे कुठे बसत नाही ते तिथे टाकायचं. २०१२ मध्ये कस्टमायझर आला, मग जुलै २०२१ च्या ५.८ आवृत्तीत थीम डॉट जेसन. रंग, अक्षरांची मापं, रुंदी, अंतरं, सगळी सामायिक सेटिंग्ज या एका फाइलमध्ये. आज जगातल्या ४० टक्क्यांहून जास्त वेबसाइट वर्डप्रेसवर चालतात, त्यामुळे त्यांनी एखादी फाइल कुठे ठेवायची ठरवली की ते हजारो गावांतल्या माझ्यासारख्या फ्रीलान्सरांना लागू होतं.

*

माझी पहिली थीम मी वर्ध्यातल्या एका खोलीत, कूलरच्या घरघरीत लिहिली. सामायिक सेटिंग्जसाठी वेगळी फाइल करायची एवढं मला कळत होतं, आणि मी ती केली. तिचा मला अभिमानही होता. तिच्यात पहिली ओळ होती ‘केशरी’, आणि समोर त्या रंगाचा संकेत. थीममध्ये जिथे जिथे तो रंग हवा तिथे मी रंगाचा आकडा न लिहिता ‘केशरी’ लिहिलं.

आठ महिन्यांनी मालकांना साइट हिरवी हवी झाली. मी एक ओळ बदलली, पाच सेकंदांत साइट हिरवी. फाइलमध्ये मात्र लिहिलेलं राहिलं: केशरी बरोबर हिरवा. त्यानंतर ज्याने ज्याने तो कोड उघडला त्याने मला फोन केला.

नाव मूल्याचं देऊ नये, कामाचं द्यावं, हे मी तेव्हा शिकलो. ‘केशरी’ नव्हे, ‘मुख्य रंग’. ‘अठरा’ नव्हे, ‘मजकुराचं माप’. ऐकायला ही क्षुल्लक गोष्ट वाटते. पण कालेलकरांच्या बाराखडीतही नेमकं हेच चाललं होतं. ‘इ’ हा आकार म्हणजे मूल्य. ‘अ ला पहिली वेलांटी’ म्हणजे त्या आकाराचं काम, त्याचं नातं. लिपीत आकाराऐवजी नातं लिहा, असं ते म्हणत होते.

दुसरी चूक मी उलट्या दिशेने केली. एका फाइलची चटक लागल्यावर मी तिच्यात सगळंच भरलं. रंग, मापं, वाचनालयाचा पत्ता, फोन नंबर, वर्गणीचे दर, उघडण्याच्या वेळा, पुस्तकांचे विभाग. मग थीम बदलायची वेळ आली आणि तिच्यासोबत वाचनालयाचा पत्ताही गेला. पत्ता हा काही रूपाचा भाग नाही. घराला रंग दिला म्हणून घरमालकाचं आडनाव बदलत नाही. तेव्हापासून मी फाइलमध्ये ओळ टाकण्याआधी स्वतःला एकच गोष्ट विचारतो: उद्या ही थीम काढून दुसरी लावली तर ही ओळ सोबत जावी की मागे राहावी? जायला हवी ती थीममध्ये. राहायला हवी ती प्लगिनमध्ये किंवा डेटाबेसमध्ये, जिथे वाचनालयातल्या काकू मला न विचारता ती बदलू शकतील.

आणखी एक गोष्ट वर्डप्रेसकडून शिकलो, ती मला तंत्रापेक्षा सभ्यपणाची वाटते. मुख्य थीमवर आधारलेली छोटी थीम करता येते, तिला चाइल्ड थीम म्हणतात. मूल फक्त आपल्याला वेगळं हवं तेवढंच लिहितं, बाकी सगळं आईबापांचं. आणि वाचताना मुलाची फंक्शन्स फाइल आधी वाचली जाते, मुख्य थीमची नंतर. चांगली मुख्य थीम आपलं प्रत्येक काम सुरू करण्याआधी विचारते, हे कोणी आधीच ठरवलंय का? ठरवलं नसेल तरच ती आपलं म्हणणं पुढे करते. थीम डॉट जेसनमध्येही अशाच पायऱ्या आहेत: आधी वर्डप्रेसची मूळ सेटिंग्ज, त्यावर थीमची, त्यावर वापरणाऱ्याची. शेवटचा शब्द वापरणाऱ्याचा.

*

अ ची बाराखडी टिकली नाही. का, याचा विचार मी ती पुस्तकं तपासताना पुष्कळ केला.

आधी घडलं काय ते. उत्तर प्रदेश सरकारने १९४७ मध्ये आचार्य नरेंद्र देव यांच्या अध्यक्षतेखाली लिपीसुधार समिती नेमली. १९४९ च्या तिच्या अहवालाने अ ची बाराखडी भ्रामक ठरवून बाजूला ठेवली. त्याच समितीने दुसरी एक सूचना केली: ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या डावीकडे लिहिण्याऐवजी उजवीकडेच, पण आखूड काढावी. म्हणजे खिळे जुळवणाऱ्याला मागे वळायला नको. १९५३ मध्ये लखनौला राधाकृष्णन यांच्या अध्यक्षतेखालच्या परिषदेने ती मान्य केली. चार वर्षांत, १९५७ मध्ये, ती मागे घ्यावी लागली. दीर्घ आणि ऱ्हस्व वेलांटी हाताने लिहिताना ओळखू येईनात. अपडेट आलं, लोकांच्या साइटी मोडल्या, अपडेट मागे घेतलं. थीमवाल्यांना यात नवल वाटणार नाही.

समित्यांच्या ठरावांपेक्षा मोठं कारण मला वेगळं वाटतं. अ ची बाराखडी नव्या साइटला योग्य होती, पण लिपी ही चालू साइट होती. हजारो पुस्तकं छापून झालेली, लाखो लोक वाचायला शिकलेले. दुकानांच्या पाट्या, सातबारे, लग्नपत्रिका, घरातल्या पोथ्या. नव्या पद्धतीने शिकलेल्या मुलाला आजोबांची ज्ञानेश्वरी वाचायची तर जुने सहा आकारही शिकावे लागणारच. म्हणजे सहा अक्षरं वाचली नाहीत, उलट सहा वाढली. सामायिक सेटिंग बदलणं पाच सेकंदांचं काम असतं ते सगळी पानं त्या सेटिंगकडून विचारून घेत असतील तेव्हाच. कागद कोणालाच विचारत नाही. तो एकदा छापला की छापला.

त्यात टाइपरायटर आणि खिळ्यांची अडचणही काळाबरोबर संपली. संगणकाला एक अक्षर जास्त ठेवायला काहीच पडत नाही. १९९१ च्या युनिकोडमध्ये नागरीसाठी एकशे अठ्ठावीस जागा राखल्या गेल्या. त्यात अ, आ, इ, ई सगळ्यांना स्वतंत्र घरं मिळाली. एवढंच नाही, आ लिहायला अ आणि काना जोडू नका, आ चं स्वतःचं घर वापरा, असं युनिकोड स्पष्ट बजावतं. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतील, यंत्राला मात्र ते दोन वेगळे शब्द. थोडक्यात, कालेलकरांनी जे एकत्र केलं होतं ते इथे पुन्हा सुटं झालं, आणि जे आपल्या लिपीत शतकानुशतकं एकत्र होतं तेही.

कीबोर्डवर मात्र त्यांची कल्पना जिवंत आहे. इनस्क्रिप्ट कीबोर्डवर ज्या कळीने वेलांटी उमटते तीच कळ शिफ्ट दाबून मारली की इ. उकाराची कळ शिफ्टसह उ देते. तुमच्या मोबाइलवरचा मराठी कीबोर्डही बघा. काही कीबोर्डांवर क दाबला की वरच्या ओळीतले इ, ई, उ, ऊ आपोआप वेलांट्या-उकार होतात. स्वर आणि त्याचं चिन्ह एकच आहे, हे नातं तिथे एका जागी लिहून ठेवलंय. फक्त ते पडद्यामागे आहे, कागदावर नाही.

*

आता माझ्या चुकीकडे. तो ल.

नागरी लिपी एक असली तरी तिची वळणं दोन-चार आहेत. मराठीचा ल पाकळ्यांचा आणि श देठाचा. महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयात मराठीची प्रमाण वर्णमाला ठरवली तेव्हा पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श यांचा मुद्दाम उल्लेख केला. (देवाणघेवाण एकतर्फी नव्हती. हिंदीच्या प्रमाण वर्णमालेने अ, झ आणि ण यांची मुंबई वळणाची रूपं घेतली. उत्तरेकडचा जुना अ आज जुन्या पोथ्यांतच बघायचा.) युनिकोडमध्ये मात्र ल एकच. त्याचं वळण कोणतं हे ठरवतो फॉन्ट, आणि चांगल्या फॉन्टमध्ये दोन्ही वळणं भरलेली असतात. त्यातलं कोणतं दाखवायचं हे फॉन्ट पानाला विचारतो: तुझी भाषा कोणती?

पानाने ‘मराठी’ म्हटलं तर मराठी ल येतो. काही न म्हटलं, किंवा ‘हिंदी’ म्हटलं, तर हिंदी. हे उत्तर पानाच्या अगदी पहिल्या ओळीत असतं. वर्डप्रेसमध्ये ते साइटच्या भाषेच्या सेटिंगमधून आपोआप यावं अशी सोय आहे. थीमच्या हेडर फाइलमध्ये एक छोटं फंक्शन लिहायचं, की ते भाषा विचारून आणतं. मी काय केलं होतं? आधी बनवलेल्या एका हिंदी साइटची हेडर फाइल उचलून आणली होती, आणि तिच्यात ते फंक्शन काढून ‘हिंदी’ असं सरळ हाताने लिहिलेलं होतं. कधीतरी घाईत मीच लिहिलं असणार. वाचनालयाने सेटिंगमध्ये ‘मराठी’ निवडून ठेवलं होतं, वर्डप्रेसला ते माहीत होतं, फॉन्टकडे मराठी ल तयार होता. मध्ये माझी एक ओळ आडवी पडली होती.

म्हणजे केंद्रात सगळं नीट होतं आणि शाखेतही. बिघाड झाला तो विचारायच्या जागी सांगितल्यामुळे. ती ओळ काढून मी फंक्शन परत घातलं. पान पुन्हा उघडलं आणि ल ला पाकळ्या फुटल्या. मी तो स्क्रीनशॉट आर्वीला पाठवला. त्याला फरक दिसला नाही. आधी मला वाईट वाटलं, मग वाटलं की चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाने मोबाइलवर जन्मभर हिंदी ल च बघितला असेल तर त्याला तो परका का वाटावा? ज्या ॲपांनी, ज्या साइटींनी त्याला मराठी दाखवली त्यांच्यापैकी किती जणांनी पहिल्या ओळीत मराठी म्हटलं असेल?

*

राहिला ‘अितिहास’.

छापलेलं बदलायचं नाही हे वाचनालयाशी आधीच ठरलं होतं. वर्ध्याच्या समितीने जे ‘अि’ छापलं ते ‘अि’च दिसलं पाहिजे. पण शोधपट्टीत आजचा वाचक ‘इतिहास’ लिहिणार, आणि यंत्राच्या लेखी तो वेगळा शब्द. म्हणजे एका अख्ख्या काळातली पुस्तकं साइटवर असून नसल्यासारखी. मुलाने ती चूक म्हणून दाखवली नसती तर हे माझ्या लक्षात यायलाही वेळ लागला असता. त्याला ते पुस्तक सापडलं होतं ते यादी खाली सरकवत सरकवत. शोधून नव्हे.

उपाय सहा ओळींचा निघाला. अि म्हणजे इ, अी म्हणजे ई, अु म्हणजे उ, अू म्हणजे ऊ, अे म्हणजे ए, अै म्हणजे ऐ. प्रत्येक मजकुराची या सहा ओळींतून गाळलेली एक प्रत शोधासाठी वेगळी ठेवायची, आणि शोधपट्टीत लिहिलेला शब्दही त्याच चाळणीतून न्यायचा. दिसायला मूळ, शोधायला आजचं. आजच्या लिखाणात अ ला वेलांटी किंवा उकार सहसा लागत नाही, त्यामुळे गोंधळ होण्याची भीती नाही. आणि ही फाइल मी थीममध्ये ठेवली नाही, प्लगिनमध्ये ठेवली. थीम बदलेल, पुस्तकं बदलणार नाहीत.

सातवी ओळ मागाहून आली, आणि ती त्याच मुलामुळे. आता त्याला साइटमधल्या चुका काढायची गोडी लागली होती. वाचनालयाच्या नव्या पुस्तकांच्या यादीत ‘ॲ’ने सुरू होणारं नाव त्याला सापडेना. ते यादीत होतं, पण ज्याने टाइप केलं त्याच्या कीबोर्डवर ॲ नव्हता. त्याने अ लिहून वर चंद्र ठेवला होता. मराठीच्या ॲ ला युनिकोडमध्ये स्वतःचं घर २००८ मध्ये मिळालं, आणि त्याआधी सगळा महाराष्ट्र अ वर चंद्र ठेवूनच काम भागवत होता. काही जण ए वर चंद्र ठेवत. २००९ च्या शासननिर्णयातल्या वर्णमालेत हा ॲ आला तोही ए च्या नव्हे, अ च्या अंगावर बसून. समित्यांनी बाजूला ठेवलेल्या त्या बाराखडीचं हे एक अक्षर मराठीत मागच्या दाराने आलं, आणि आता आपण ते दिवसातून किती वेळा लिहितो कोण मोजतं. ‘ॲप’ लिहा, तेच.

मी सातवी ओळ टाकली, तिच्याखाली ए वर चंद्र ठेवणाऱ्यांसाठी आठवी. मुलाला कळवलं. त्याने शोधून बघितलं, नाव सापडलं. मग त्याने विचारलं, ‘सर, मग माझं नाव अु ने लिहिलं तरी सापडन का?’

सापडतं. त्याने लिहून बघितलं.